कापसाच्या वाटेवरची दोन शहरं

मुलगी जर्सी सिटीत राहते. ऑक्टोबरच्या शेवटी तिने आमच्यासाठी आठ दिवसांची रजा काढली आणि घरात वाद सुरू झाला. हे आठही दिवस न्यूयॉर्कला द्यायचे, की दक्षिणेत जॉर्जिया राज्यात सॅव्हाना नावाचं जुनं, छोटं शहर आहे तिकडे जायचं? जावयांचं मत न्यूयॉर्कच्या बाजूने. ‘‘आई, नदी ओलांडली की शहर. जगभरातून लोक तेवढ्यासाठी येतात,’’ असं ते म्हणाले आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या यांचे गुडघे दुखरे, त्यामुळे भुयारी रेल्वेचे जिने त्यांना नको होते. मी मात्र पहिल्यापासून सॅव्हाना म्हणत होते आणि त्याचं कारण अकोल्यात आहे.

मी कास्तकाराची मुलगी. लहानपण पऱ्हाटीच्या ओळींत आणि कापूस बाजारासमोरच्या बैलगाड्यांच्या रांगेत गेलं. पुढे शाळेत इतिहास शिकवला. ‘अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला भाव आला’ हे एक वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. त्या वाक्याचं दुसरं टोक अमेरिकेच्या ज्या बंदरांत आहे, त्यांतलं एक सॅव्हाना.

ते वाक्य इथे थोडं उलगडते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस याच बंदरांतून जात असे. सॅव्हाना नदीच्या मुखावरचा पुलास्की किल्ला एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या हाती पडला आणि या बंदराचा समुद्राकडचा रस्ता तुटला. इंग्रज व्यापारी मुंबईकडे वळले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या, शेअर बाजाराला वेड लागलं. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा पाडाव झाल्याची बातमी येऊन पोचली तशी ही सगळी उतरंड कोसळली. मुंबईचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद त्यात बुडाले. त्यांनी भरभराटीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र अजून मुंबई विद्यापीठात वेळ सांगतो. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, त्यामागेही वऱ्हाडच्या कापसाची ओढ मोठी होती. आमच्या अकोल्याच्या स्टेशनाचा धागा असा सॅव्हानाच्या धक्क्याला जाऊन मिळतो.

शेवटी वाटणी ठरली. तीन दिवस न्यूयॉर्क, एक दिवस आगगाडीत, चार दिवस सॅव्हाना.

न्यूयॉर्कचे तीन दिवस मी नेमके निवडले होते. ऐंशी लाखांहून जास्त वस्तीचं शहर तीन दिवसांत ‘पाहायचं’ म्हटलं तर काहीच पाहून होत नाही, म्हणून उंच इमारतींच्या गच्च्या आणि झगमगाटाचे चौक सोडून दिले. पहिली सकाळ ११६ व्या रस्त्यावर, कोलंबिया विद्यापीठात. १९१३ च्या जुलैमध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाविशीतले भीमराव आंबेडकर इथे आले. इथल्याच परिसंवादात १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातल्या जातींच्या उगमावरचा आपला निबंध वाचला. लेमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. आम्ही तिथे उभे होतो तेव्हा शेजारच्या मेजावर दोन मुली परीक्षेचा अभ्यास करत होत्या, बाकी कोणी नव्हतं. मला ते फार बरं वाटलं. बाबासाहेबांच्या पुतळ्याला ग्रंथालयाइतकी योग्य जागा दुसरी कुठली असणार?

दुसरा दिवस मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला. न्यूयॉर्कच्या मातीत कापूस पिकत नाही, तरी हे शहर कापसाने श्रीमंत झालं. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना कर्ज इथल्या पेढ्या देत. त्यांच्या मालाचा विमा इथे उतरे आणि गाठींनी भरलेली कित्येक जहाजं इथल्याच मालकांची असत. हे नातं इतकं घट्ट होतं की जानेवारी १८६१ मध्ये दक्षिणेची राज्यं फुटून निघू लागली तेव्हा महापौर फर्नांडो वुड यांनी न्यूयॉर्क शहरानेही संघराज्यातून बाहेर पडावं असा विचार नगर परिषदेपुढे मांडला. वॉल स्ट्रीट नदीकडे जिथे पर्ल स्ट्रीटला मिळते तिथे १७११ ते १७६२ या काळात शहराचा अधिकृत गुलामबाजार भरत असे. त्याच्या जवळच आज एक पाटी आहे, ती लागली २०१५ मध्ये. तिथून सुमारे किलोमीटरभर उत्तरेला, १९९१ मध्ये सरकारी कचेरीचा पाया खणताना आफ्रिकी लोकांची दफनभूमी सापडली. चारशे एकोणीस सांगाडे निघाले. मूळ दफनभूमीत पंधरा हजारांच्या आसपास माणसं पुरली असावीत असा अंदाज आहे. २००६ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. काळ्या दगडाचं, साधं आणि गंभीर. आम्ही तिथे तासभर होतो.

तिसऱ्या दिवशी स्टेटन बेटाची फेरीबोट घेतली, जी फुकट आहे आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याजवळून जाते. संध्याकाळी क्वीन्समधल्या फ्लशिंग भागात गणपतीच्या देवळात गेलो. १९७७ पासूनचं हे दाक्षिणात्य धाटणीचं देऊळ. त्याच्या तळघरात उपाहारगृह आहे आणि तिथला डोसा खायला देवळात न जाणारेही येतात. सबवेच्या त्या एका डब्यात मी किती भाषा ऐकल्या ते सांगता येणार नाही. त्या तीन दिवसांत शहराने आम्हाला भरभरून दिलं, यात शंका नाही. मात्र प्रत्येक गोष्ट दुसरीपासून तासभर लांब होती. प्रत्येक ठिकाणी जुनं काही पाहायचं तर ते नव्याच्या पोटात शिरून शोधावं लागत होतं. गुलामबाजाराची पाटी, जमिनीखालची दफनभूमी, ग्रंथालयातला पुतळा. या शहराला मागे वळून पाहायला सवड नसते आणि आठ दिवसांच्या पाहुण्याला तर ती त्याहून नसते.

चौथ्या दिवशी पहाटे पेन स्टेशनवरून ‘पाल्मेटो’ गाडी पकडली. सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि रात्री नऊच्या सुमारास सॅव्हानाला पोचते. विमानाने दोन-अडीच तासांचं काम, तरी ज्याला अमेरिकेची उत्तर आणि दक्षिण यांतला फरक डोळ्यांनी पाहायचा आहे त्याने हा दिवस जरूर खर्चावा. आता प्रवासी बसतात तो मॉयनिहान हॉल म्हणजे जुन्या टपाल कचेरीची इमारत. रस्त्यापलीकडे असलेलं भव्य मूळ स्टेशन १९६३ पासून पाडण्यात आलं. त्या पाडापाडीचा धक्का असा बसला की १९६५ मध्ये शहराने जुन्या इमारतींच्या रक्षणाचा कायदा केला. १९६३ हे साल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वॉशिंग्टनला विजेचं इंजिन काढून डिझेलचं लावतात, डबे तेवढ्यापुरते अंधारात जातात. तिथून गाडीचा नूरच बदलतो. रिचमंड गेलं की पाइनची रानं, लाल माती, लाकडी घरांचे ओटे. उत्तर कॅरोलायनात रॉकी माउंट ओलांडलं आणि खिडकीतून पांढरं शेत दिसलं. मी उठून उभी राहिले. पर्‍हाटीच होती! पानं आधीच औषध फवारून झाडून टाकलेली, नुसती काडी आणि तिच्यावर फुटलेली बोंडं. शेताच्या कडेला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे मोठाले गोल गठ्ठे पडले होते आणि दूर एक हिरवं यंत्र ओळीओळीने वेचत चाललं होतं. वेचणीच्या ऐन हंगामात शेतात एकही बाई नाही, हे दृश्य मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे आजही कापूस बायकाच वेचतात, किलोमागे ठरलेल्या मजुरीने, ओटीला बांधलेल्या फडक्यात.

सॅव्हानाचं स्टेशन गावाबाहेर आहे, अगदी साधं. गावात घुमट असलेलं देखणं युनियन स्टेशन होतं. महामार्गाच्या उतारासाठी जागा हवी म्हणून ते १९६३ मध्ये पाडलं. म्हणजे ज्या वर्षी न्यूयॉर्कचं स्टेशन पडायला लागलं, त्याच वर्षी हेही पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र या गावाने आम्हाला जिंकलं. जेम्स ओगलथॉर्प हा इंग्रज अधिकारी शंभरावर माणसं घेऊन फेब्रुवारी १७३३ मध्ये या नदीकाठच्या दरडीवर उतरला. यामाक्रॉ जमातीचे वयोवृद्ध प्रमुख टोमोचीची यांच्याशी त्याने तह केला आणि गावाचा आराखडा आखला. तो आराखडा अजून जसाच्या तसा पायाखाली आहे. मधोमध एक चौक. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला दहा-दहा घरांचे चार गट. पूर्वेला आणि पश्चिमेला चर्च, बाजार, सार्वजनिक कामं यांसाठी राखलेल्या चार जागा. एवढ्याचा मिळून एक ‘वॉर्ड’. गाव वाढलं की पुढे तसाच दुसरा वॉर्ड जोडायचा, पुन्हा चौकासकट. चारपासून सुरू झालेले चौक १८५० च्या दशकापर्यंत चोवीस झाले. आज बावीस आहेत.

याच्याशेजारी न्यूयॉर्कचा आराखडा ठेवून पाहा. १८११ मध्ये मॅनहॅटनवर बारा उभे आणि एकशे पंचावन्न आडवे रस्ते आखले, तेव्हा विक्रीच्या भूखंडांचा हिशेब पुढे होता आणि मोकळी जागा जवळजवळ ठेवलीच नव्हती. चाळीस-पन्नास वर्षांनी श्वास कोंडायला लागला तेव्हा वस्त्या उठवून ८४३ एकरांचं सेंट्रल पार्क तयार केलं. ते अप्रतिम आहे, पण ते गाठावं लागतं. सॅव्हानात चाळीस घरांमागे एक चौक आहे. तुम्ही कुठेही राहा, दोन-तीन मिनिटांत झाडाखालचं बाक मिळतं. यांच्या गुडघ्यांना हे गाव मानवलं ते त्यामुळेच. बुल स्ट्रीट नदीकडून निघते आणि पाच चौक ओलांडून फोर्सिथ पार्कला पोचते. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. आम्ही प्रत्येक चौकात बसत बसत गेलो आणि त्यात पूर्ण सकाळ गेली.

चौकांवर सावली आहे ती ‘लाइव्ह ओक’ या सदाहरित वृक्षांची. फांद्या रस्ता ओलांडून समोरच्या झाडात शिरतात आणि त्यांवरून करड्या जटा लोंबतात. त्यांना ‘स्पॅनिश मॉस’ म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे. ही अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, झाडाचं रक्त न शोषता हवेतल्या ओलाव्यावर जगणारी. आपल्या डोळ्यांना आधी वडाच्या पारंब्याच आठवतात. राइट चौकात टोमोचीचींना १७३९ मध्ये पुरलं होतं. १८८३ मध्ये त्याच जागी एका रेल्वे कंपनीच्या संस्थापकाचं स्मारक बांधलं गेलं. त्या संस्थापकाच्या सुनेने पुढाकार घेऊन १८९९ मध्ये टोमोचीचींसाठी चौकाच्या कोपऱ्यात एक मोठी शिळा बसवली. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याला कोपरा आला, हे त्या चौकात उभं राहिलं की सांगावं लागत नाही.

ओगलथॉर्पच्या वसाहतीत तीन गोष्टींना मनाई होती: गुलाम ठेवणं, रम आणि वकील. गुलामगिरीवरची बंदी १७५१ पर्यंत टिकली, मग मळेवाल्यांच्या दबावाखाली उठली. खरा उत्पात पुढे झाला. १७९३ मध्ये सॅव्हानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर एली व्हिटनी या तरुणाने सरकी काढायचं यंत्र तयार केलं. तिथल्या आखूड धाग्याच्या कापसाची हिरवी सरकी रुईला इतकी चिकटून असते की आपल्या चरखीसारख्या दोन लाटांच्या यंत्राला ती सुटत नाही. एक माणूस दिवसभर बसला तरी हाताने जेमतेम अर्धा किलो रुई मोकळी करी. व्हिटनीच्या काटेरी रुळाने ते काम झटक्यात होऊ लागलं. यंत्राने माणसाचे कष्ट वाचतील असं वाटावं. झालं उलटंच. सरकी काढणं सोपं झालं म्हणून लागवड वाढली, लागवड वाढली म्हणून वेचायला हात हवे झाले. १७९० मध्ये अमेरिकेत सात लाखांच्या आसपास गुलाम होते, १८६० मध्ये ते चाळीस लाखांच्या जवळ पोचले. शाळेत मी व्हिटनीचं नाव शोधांच्या यादीत शिकवत असे. आता शिकवायची वेळ आली असती तर हे आकडे त्याच्या शेजारी लिहिले असते.

नदीकाठी दरडीवर कापूस व्यापाऱ्यांच्या इमारतींची रांग आहे. वरचे मजले बे स्ट्रीटवर उघडतात, खालचे नदीकडच्या रिव्हर स्ट्रीटवर. मधल्या खाचेवर लोखंडी पूल टाकलेत. या वाटेचं नाव ‘फॅक्टर्स वॉक’. फॅक्टर म्हणजे आपला अडत्या. कास्तकाराला उचल द्यायची, त्याचा माल विकायचा, दलाली कापायची. हे अडते वरच्या पुलांवर उभे राहून खालून जाणाऱ्या गाड्यांतला माल पारखत, असं सांगतात. मी त्या पुलावर उभी राहिले आणि खाली पाहिलं. मला अकोल्याची रांग दिसली. सरकारी एकाधिकार खरेदीचे दिवस, दोन-दोन रात्री गाडीखाली झोपलेले माझे वडील, आणि सकाळी येऊन मूठभर कापूस उपसून प्रत ठरवणारा माणूस. माझे वडील त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे. तरी त्या कापसावर आणि स्वतःच्या देहावर त्यांचा हक्क होता. इथे गाड्या भरणाऱ्यांचा तोही नव्हता.

खालच्या रिव्हर स्ट्रीटला गोटे बसवलेत, ते जहाजांनी वजनासाठी भरून आणलेले. येताना दगड, जाताना कापूस. तिथे उतरायच्या दगडी पायऱ्या उभ्या आणि झिजलेल्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या टाळाव्यात, लिफ्टची सोय आहे. आम्ही धक्क्यावर बसलेलो असताना एक कंटेनरचं जहाज पुढून गेलं, इतकं उंच की पलीकडचा काठ दिसेनासा झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक इथून काही मैल वर आहे.

तिसऱ्या दिवशी ओवेन्स-थॉमस यांचं घर पाहिलं. १८१९ मध्ये पूर्ण झालेला हा वाडा अंगणापलीकडच्या गुलामांच्या खोल्यांसकट जपलाय आणि आता दाखवतानाही सुरुवात तिथूनच करतात. त्या खोल्यांच्या छताला फिकट निळा रंग आहे. भुताखेतांनी आत येऊ नये म्हणून निळीचा, चुन्याचा हा रंग देत. आमच्या खेड्यात चुन्यात नीळ कालवून भिंती सारवायच्या, तोच रंग. पुढे फ्रँकलिन चौकातलं फर्स्ट आफ्रिकन बाप्टिस्ट चर्च. ही काळ्या ख्रिस्ती लोकांची मंडळी १७७० च्या दशकातली. विटांची इमारत १८५९ मध्ये पुरी झाली. ती गुलामांनी स्वतःच्या हातांनी, दिवसभराचं राबणं संपल्यावर रात्री बांधली. तळघराच्या लाकडी जमिनीला चौकोनी नक्षीत भोकं पाडलेली आहेत. ती कोंगो प्रदेशातल्या एका धर्मचिन्हाची आहेत आणि खाली लपलेल्या पळालेल्यांना श्वास घेता यावा म्हणूनही होती, असं चर्चमधली मंडळी सांगतात. आमच्याबरोबरच्या वाटाड्या बाईंनी हे सांगताना आवाज एकदम खाली आणला. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी माझा हात धरून होती.

मॅडिसन चौकात ग्रीन-मेल्ड्रिम वाडा आहे, एका इंग्रज कापूस व्यापाऱ्याने बांधलेला. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन सॅव्हानात शिरला. त्याने लिंकनना तार करून हे शहर, दीडशे तोफा आणि पंचवीस हजार गाठी कापूस नाताळची भेट म्हणून देऊ केला. गाव जाळलं नाही, म्हणून आज ते दिसतं. मला मात्र त्या वाड्यातला १२ जानेवारी १८६५ चा दिवस महत्त्वाचा वाटतो. त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर शर्मनने आणि युद्धमंत्र्यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. ते स्वतः आयुष्याची बहुतेक वर्षं गुलाम होते. त्यांनी मागितली ती जमीन, स्वतःच्या कष्टाने कसायला. चारच दिवसांनी हुकूम निघाला आणि किनाऱ्यावरची जमीन कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत वाटायला सुरुवात झाली. चाळीस हजारांच्या आसपास माणसं त्यावर राहायला गेली. वर्ष संपायच्या आत लिंकननंतरच्या अध्यक्षांनी ती परत मळेवाल्यांना देऊन टाकली. कुळकायदा पाहिलेल्या, कसेल त्याची जमीन ऐकत वाढलेल्या माणसाला ही मागणी समजायला भाषांतर लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी या लढ्याकडे किती लक्ष दिलं होतं, हे मला त्या वाड्यात नव्याने जाणवलं.

युद्धानंतरही कापूस बरीच वर्षं चालला. मग बोंड पोखरणारा सोंड्या किडा १९१५ मध्ये जॉर्जियात पोचला. आपल्या बोंडअळीहून वेगळा, पण नासाडी तशीच. बंदराचं वैभव ओसरलं, घरं पडझडीला आली. पाडायला पैसे नव्हते म्हणून बरीचशी वाचली. १९५४ मध्ये जुना सिटी मार्केट पाडून एलिस चौकावर मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ बांधला गेला. पुढच्याच वर्षी १८२० चं डेव्हनपोर्ट घरही वाहनतळासाठी जाणार असं कळल्यावर सात बायका पुढे आल्या. त्यांनी साडेबावीस हजार डॉलर जमवून घर विकत घेतलं आणि एक संस्था काढली. या संस्थेची रीत आपल्याकडच्या वाड्यांच्या मालकांनी आणि नगरपालिकांनी समजून घ्यावी अशी आहे: पडकं घर विकत घ्यायचं, जो दुरुस्त करून राहील त्यालाच विकायचं, न पाडण्याची अट खरेदीखतातच घालायची, आणि आलेल्या पैशातून पुढचं घर घ्यायचं. शेकडो घरं अशी वाचली. एलिस चौकावरचा तो वाहनतळही पुढे पाडला, मोटारी जमिनीखाली नेल्या आणि २०१० मध्ये चौक पुन्हा लोकांना मिळाला.

हे जपणं सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. पश्चिमेकडची वेस्ट ब्रॉड स्ट्रीट ही काळ्या व्यापाऱ्यांची पेठ होती. युनियन स्टेशन ज्या महामार्गासाठी गेलं, त्याच्याच उताराखाली ही पेठही चिरडली गेली. आज त्या रस्त्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आहे आणि वर पुलाची सावली. सॅव्हानाला जाणाऱ्याने चौकांइतकाच वेळ इथे द्यावा.

चार उपयोगाच्या गोष्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल हा काळ बरा. जुलै-ऑगस्टचा दमटपणा कोकणासारखा असतो आणि जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक उत्सवाला खोली मिळत नाही. जुन्या भागात ‘डॉट’ नावाची बस आणि नदीवरची नाव दोन्ही फुकट आहेत. शाकाहाऱ्यांनी विचारल्याशिवाय पालेभाजी घेऊ नये, ‘कॉलर्ड ग्रीन्स’मध्ये बहुधा डुकराचं मांस असतं. मक्याच्या कण्यांचे ‘ग्रिट्स’ लोण्याबरोबर मागवले तर आपल्या घाट्याची आठवण येते. रात्रीच्या भुतांच्या सहली जागोजाग विकतात. ज्या गावात खरी माणसं एवढ्या यातनेत मेली, तिथे त्यांच्या नावाने किंकाळ्या ऐकायला मी गेले नाही आणि तुम्हीही जाऊ नये असं मला वाटतं. टायबी बेटाचा समुद्र आणि बोनाव्हेंचर दफनभूमी अर्ध्या-अर्ध्या दिवसाची.

परत आल्यावर जावयांनी विचारलं, ‘‘मग, कुठलं?’’ माझं उत्तर तयार होतं. लेकीकडे सहा महिने मुक्काम असेल तर न्यूयॉर्क, दर आठवड्याला थोडं थोडं. हाताशी एकच आठवडा असेल तर सॅव्हाना. सुमारे दीड लाख वस्तीचं, आमच्या अकोल्याच्या निम्म्याहून लहान असं हे गाव. आराखडा, यंत्र, अडत, गुलामांची खोली, सुटकेची वाट, जमिनीचा हुकूम आणि वाचवलेली घरं, सगळं चालण्याच्या अंतरात आणि जमिनीवर उभं आहे. अशी संगती मला न्यूयॉर्कमध्ये लावता आली नाही.

आणि गेलात तर एका ठिकाणी गाडी करून नक्की जा. जुन्या गावापासून काही मैल पश्चिमेला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. तिथे २ आणि ३ मार्च १८५९ ला पिअर्स बटलर या मळेवाल्याने कर्ज फेडण्यासाठी ४३६ माणसं, बायका आणि मुलं विक्रीला काढली. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’चा बातमीदार गिऱ्हाईक असल्याचं भासवून आत शिरला आणि त्याने लिहिलं म्हणून जगाला कळलं. विकल्या गेलेल्यांच्या वंशात त्या दिवसांना ‘रडण्याची वेळ’ म्हणतात. तिथे वाडा नाही, चौक नाही, पुतळा नाही. २००८ मध्ये लावलेला एक फलक आहे, वाचायला पाच मिनिटं लागतात.